ऐतिहासिक मालिकांत पुरावा का दिसत नाही?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी सातवीला इतिहास शिकवते. परवा सिंहगडाचा धडा चालू होता. घोरपडीचा विषय निघाला तेव्हा मी सांगितलं, की शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे मावळे वानरासारखे कडा चढून गेल्याचं लिहिलंय. घोरपड येते ती पोवाड्यातून. सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला, म्हणजे लढाईनंतर २७ वर्षांनी. वर्ग एकदम जागा झाला. एका मुलीने विचारलं, "बाई, मग टीव्हीवर असं का नाही सांगत, की याने हे लिहिलंय आणि त्याने ते?"

माझाही प्रश्न तोच आहे. मराठीत ऐतिहासिक मालिकांना तोटा नाही. शिवकाळ झाला, शंभूराजे झाले, जिजाऊ झाल्या, पेशवाई झाली. मी बहुतेक सगळ्या पाहिल्या आहेत, मनापासून पाहिल्या आहेत. पण हे आपल्याला कशावरून कळलं, ते कुणी सांगत नाही. कागद दिसत नाही, मोडी दिसत नाही, दोन अभ्यासकांचं एकमेकांशी पटत नाही हे तर कधीच दिसत नाही. सुरुवातीला 'काही प्रसंग काल्पनिक आहेत' अशी पाटी झरकन येऊन जाते. कोणते काल्पनिक, हे मुलांनी कसं ओळखायचं?

तुमचा अनुभव काय? आणि पुराव्यासकट इतिहास सांगणारा कार्यक्रम करायचाच झाला तर तुम्ही कोणता प्रसंग घ्याल?

रानजाई

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मालिका हे नाटक आहे, पाठ्यपुस्तक नाही. २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती' सुरू झाली तेव्हा आमच्याकडे ती लागली की घरातलं बोलणं बंद व्हायचं. माझा धाकटा भाऊ ती बघून गडांवर जायला लागला, मग पुस्तकं आणायला लागला, आणि पुढे मोडी शिकला. ही गोडी त्याला लावली ती मालिकेनेच. शाळेतल्या सनावळीने त्याला कधी ओढ लावली नव्हती. एवढं काम मालिकेने केलं तर बाकीचं आपण करायला काय हरकत आहे?

गडवाट

रानजाई, तुमच्या भावाचं कौतुक आहे. माझंही सुरुवातीला तसंच झालं. पण नाटकालाही काळाचा पोत लागतो आणि तिथेच आपल्या मालिका मला रडवतात.

राजगड सुमारे पाव शतक राजधानी होता. पद्मावती माचीवर उभं राहून वाड्याची जोती पाहा. केवढीशी जागा आहे ती! त्या जागेतून स्वराज्याचा कारभार चालला, हेच तर अंगावर काटा आणणारं आहे. मालिकेत मात्र चकचकीत फरशी, जाडजूड खांब आणि झुंबरं. म्हणजे ज्या गोष्टीने आपण थक्क व्हावं तीच पुसून टाकलेली असते.

कपड्यांचंही तेच. जुन्या चित्रांत हिंदू माणसाचा जामा, म्हणजे लांब अंगरखा, डाव्या बगलेत बांधलेला दिसतो आणि मुसलमानाचा उजव्या. चित्रातला माणूस ओळखायला अभ्यासक ही खूण वापरतात. हे पाळायला एक पैसा जास्त लागत नाही.

आणि पाटीपेन्सिल, पुढच्या तासाला हेही सांगा: सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांत सापडतं. म्हणजे तानाजींच्या मरणावरून गडाला नाव पडलं हे टिकत नाही. तानाजींचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. मुलाच्या लग्नापेक्षा मोहीम आधी धरणाऱ्या माणसाला अशा आधाराची गरज नाही.

शब्दवेडी

गडवाट, +१. जाम्याचं माहीत नव्हतं. वाचतेय.

कळफलक

मी काही वर्षं मालिकांच्या कलाविभागात काम केलंय, त्यात एक ऐतिहासिक होती. नाव सांगत नाही, पण हे कसं घडतं ते सांगतो.

आठवड्याला सहा भाग द्यायचे. एका भागात बावीसेक मिनिटांचा मजकूर. सुरू होताना काही भाग बँकेत, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, असतात, दोन-तीन महिन्यांत बँक संपते. मग सकाळी कॉल टाइमला नटाच्या हातात सीन येतो आणि तो सीन दोन दिवसांत हवेवर जायचा असतो. गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की ट्रॅक बदलतो. दरबारातला सीन कमी होतो, माजघरातलं भांडण वाढतं.

आमच्याकडे संशोधक होते, आणि फार चांगले होते. पण त्यांना विचारायची पाळी यायची ती सेट उभा राहिल्यावर. एकदा एक पत्र पडद्यावर दिसणार होतं. ते मोडीत लिहून घ्यायचं ठरलं. मोडी लिहिणारे गृहस्थ सोमवारी येणार होते, सीन शनिवारी होता. पत्र देवनागरीत गेलं. त्या खोलीत कुणाला इतिहासाबद्दल आस्था नव्हती असं नाही. वेळ नव्हता. रोजची मालिका आणि इतिहास यांचं गणितच जुळत नाही, हे माझं ठाम मत झालंय. आठवड्याला एक भाग असेल तरच हे नीट होईल.

जुनावाडा

कळफलक यांनी दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. आमच्या पिढीने 'भारत एक खोज' पाहिली ती आठवड्याला एक. १९८८ मध्ये सुरू झाली, ५३ भाग, श्याम बेनेगल. सुरुवातीला नासदीय सूक्त. रोशन सेठ नेहरू म्हणून पडद्यावर येऊन बोलायचे, ओम पुरी निवेदन करायचे, आणि मधे प्रसंग घडायचे. प्रसंग थांबवून कुणीतरी आपल्याशी बोलतंय, यामुळे समोर दिसतं ते एका माणसाचं आकलन आहे याची जाणीव कायम राहायची. नसीरुद्दीन शाहांचे शिवाजी महाराज आठवतात. आवाज न चढवता बोलणारे.

मराठीत 'स्वामी' आठवा. रवींद्र मंकणींचे माधवराव, मृणाल देव यांच्या रमाबाई. कादंबरीवरची मालिका होती, पण काय ठेहराव होता!

वेताळटेकडी

जुनावाडा, आदर राखून असहमत. आपल्या लहानपणीचं सगळं चांगलं वाटतंच. दूरदर्शनला दुसऱ्या वाहिनीची स्पर्धा नव्हती, त्यामुळे संथपणा परवडायचा. शिवाय तेव्हाही सगळं पुराव्याला धरून होतं असं कुठे आहे? १९९० ची टिपू सुलतानवरची मालिका कादंबरीवर आधारलेली होती. वाद न्यायालयापर्यंत गेला आणि कथा काल्पनिक असल्याची सूचना दाखवावी लागली. 'भारत एक खोज' पुन्हा बघा, सेट पुठ्ठ्याचे वाटतात.

तांत्रिक बाजूने आजच्या मालिका कितीतरी पुढे आहेत. क्रोमावर, म्हणजे हिरव्या पडद्याच्या तंत्राने, उभे केलेले गड बघताना मला आनंद होतो.

जुनावाडा

सेट साधे होते हे खरं. आणि मला तरी ते आवडायचे, कारण लक्ष माणसांच्या बोलण्याकडे जायचं. टिपूच्या मालिकेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण तिथे निदान लोक भांडले, न्यायालयात गेले, हे खरं की कादंबरी हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. आज तो विचारला की 'तुम्हाला महाराजांबद्दल आदर नाही' असं ऐकावं लागतं. ते मला जास्त लागतं.

ओहायोकर

इथे अमेरिकेत सार्वजनिक वाहिनीवर केन बर्न्स यांची यादवी युद्धावरची मालिका १९९० मध्ये लागली होती, मी ती खूप नंतर पाहिली. नऊ भाग. तलवारबाजी नाही, नट घोड्यावर नाहीत. जुने फोटो, त्यावर हळू सरकणारा कॅमेरा, आणि सैनिकांची पत्रं कुणीतरी वाचतंय. एका अधिकाऱ्याने लढाईआधी बायकोला लिहिलेलं पत्र आहे, ते ऐकताना मी आणि बायको दोघंही रडत होतो. आमचा त्या युद्धाशी काय संबंध?

मला सारखं वाटतं, आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, बांधून ठेवलेत. पानिपतानंतर आलेलं ते पत्र घ्या: दोन मोत्यं गळाली, मोहरा हरपल्या, खुर्दा किती गेला याची गणती नाही. या ओळी नुसत्या वाचल्या तरी घसा दाटतो. त्यावर ढोल वाजवायची गरज नाही.

शब्दवेडी

जरा अवांतर: मालिकांतल्या जेवणाच्या पंगतींवर कुणी बोलणार का? आमच्या आईने एका सीनमध्ये बटाट्याची भाजी ओळखली आणि रिमोट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

रानजाई

मिरची चालेल, ती पोर्तुगीजांबरोबर आली होती. बटाटा आणि टोमॅटो मात्र घराघरांत रुळले ते इंग्रजी अमदानीत.

कळफलक

सेटवर पंगतीला जे शिजतं ते दुपारी युनिट जेवतं हो. बटाटा नसेल तर लाइटमन संपावर जातील.

मांजराकाठ

बटाट्यावरून परत येऊ या. मला एक दुसरंच सलतंय. आपण 'इतिहास' म्हटलं की गड, तलवार आणि पगडी. मी लातूरची. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान संपलं, मराठवाडा मोकळा झाला. निजामाची राजवट अनुभवलेली माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत. त्यांच्यासमोर कॅमेरा कुणी ठेवला? माझी आजी रझाकारांच्या भीतीने रातोरात शेतातून सोलापूरच्या बाजूला गेलेल्या बायकांच्या गोष्टी सांगायची. नावं, गावं, कुणाच्या कडेवर कोण होतं, सगळं तोंडपाठ. ती गेली आणि ते सगळं गेलं.

ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये दुसऱ्या महायुद्धावर २६ भागांची मालिका झाली, 'द वर्ल्ड ॲट वॉर'. तिचं बळ एवढंच, की युद्ध पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती आणि त्यांना बोलतं केलं. साधे शिपाई, गृहिणी, आणि हिटलरची सेक्रेटरीसुद्धा. आपल्याकडे गिरणी संपाचं काय? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यातले कितीतरी लोक आज लालबाग-परळला आणि कोकणातल्या गावांत आहेत. पुरावा दफ्तरात शोधायला नको, तो खुर्चीत बसलाय.

आणि सावित्रीबाई-जोतिरावांवर २०२० मध्ये मालिका आली ती त्याच वर्षाच्या अखेरीस संपली. प्रेक्षक मिळाला नाही म्हणे. त्याची मला प्रेक्षक म्हणून आजही खंत वाटते.

पाटीपेन्सिल

मांजराकाठ, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार आहे. आजीच्या गोष्टी जेवढ्या आठवतात तेवढ्या लिहून काढा, कळकळीची विनंती.

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. मांजराकाठ यांच्या मुद्द्यात आमचीही भर. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत गोव्याच्या सीमेबाहेरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. आधी आंबोली, मग कॅसलरॉक. दोन तरुण माणसं, एक ट्रान्समीटर, भोवती रान आणि पाऊस, आणि रोज पोर्तुगीज सरकारला उत्तर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला तेव्हा दोघांनी विमानातून ती बातमी सांगितली. एवढी गोष्ट हाताशी असताना आम्ही टीव्हीवर सासू-सुना का बघतो, मला कळत नाही.

आणि एक विनंती. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलावर महाराष्ट्रातली वाहिनी कार्यक्रम करेल तेव्हा दोन्ही बाजू घ्या. १,७२,१९१ मतं वेगळ्या राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या. दोन्हीकडे आमचीच माणसं होती, एकाच घरातली सुद्धा. कोण जिंकलं-हरलं एवढंच सांगून ती गोष्ट कळत नाही.

वेताळटेकडी

हे दोन्ही प्रतिसाद वाचून मुद्दा थोडा बदलतो आहे माझा. मी तंत्राची बाजू घेत होतो. जंगलातला रेडिओ बघायला मला क्रोमा नको.

पण मग शत्रूचं काय? मला मालिकांतला औरंगजेब पाहवत नाही. डोळे वटारणारा, सतत कारस्थानं करणारा. हा माणूस दख्खनेत उतरून शेवटची पंचवीस वर्षं इथेच राहिला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मेला. हिंदुस्थानचा सर्वांत बलाढ्य बादशहा मराठ्यांना संपवायला आला आणि संपवू शकला नाही. तो दुबळा किंवा मूर्ख दाखवला तर संताजी-धनाजींनी, ताराराणींनी केलं ते छोटं होतं.

गडवाट

अगदी सहमत. आणि महाराजांच्या बाजूचीही माणसं पूर्ण दाखवा. आरमारात दौलतखान होता. तो एका सीनमध्ये येतो, मुजरा करतो आणि जातो. आरमार उभं कसं राहिलं, लाकूड कुठून आलं, गलबतं कुणी बांधली, यावर आठ भाग सहज होतील.

बारनिशी

उशिरा येतोय, पण धागा पूर्ण वाचून येतोय.

शंभूराजांबद्दल एक गोष्ट राहून गेली. 'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ ते २०२० चालली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. बरं झालं. पण शंभूराजांची जी प्रतिमा आज घराघरांत आहे ती आपोआप आलेली नाही. त्याआधी कितीतरी वर्षं नाटका-कादंबऱ्यांतले संभाजी म्हणजे व्यसनी आणि उच्छृंखल राजपुत्र. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालून मूळ साधनं तपासली आणि १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केलं. मग कमल गोखले यांनी १९७१ मध्ये त्यावर आणखी काम केलं. शिवाजी महाराजांचं म्हणून भलत्याच माणसाचं चित्र छापलं जायचं, तेही बेंद्र्यांनीच दाखवून दिलं आणि खरं चित्र डच साधनांतून पुढे आणलं. एका राजावरचा शेकडो वर्षांचा कलंक एक माणूस कागद वाचून पुसतो, यापेक्षा मोठं नाट्य कोणतं? पण हे नाट्य आपण कुठल्याच पडद्यावर पाहिलेलं नाही.

आता मूळ प्रश्न, कोणता प्रसंग घ्याल. माझं उत्तर ठरलेलं आहे: आग्रा.

कारण आग्र्याच्या भेटीची त्याच दिवसांतली साक्ष आपल्याकडे आहे. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्यावर महाराजांची जबाबदारी होती. रामसिंगाकडचा कारकून परकालदास आमेरच्या कल्याणदासला राजस्थानी बोलीत घडामोडी कळवत होता. ही पत्रं जयपूरच्या दफ्तरात सापडली, जदुनाथ सरकार आणि रघुवीर सिंह यांनी १९६३ मध्ये ती इंग्रजीत आणली. महाराजांचा बांधा सडपातळ, उंची बेताची, वर्ण गोरा, दाढी राखलेली, आणि न विचारताही हा माणूस राजा आहे हे कळतं असं तो लिहितो. बरोबरचे शंभूराजे नऊ वर्षांचे आणि फार देखणे. पालखीला चांदीचे पत्रे आहेत, झेंडा केशरी-शेंदरी आहे. परका कारकून, ना आपला भक्त ना वैरी, आणि त्याची नजर महाराजांवरून हटत नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटवेना.

मग १२ मे १६६६ चा दरबार. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, ते भर दरबारात संतापले, रामसिंगाचं समजावणंही चालेना. फुलादखानाचा पहारा. रामसिंगाने दिलेलं जामीनपत्र. १७ ऑगस्टला निसटणं. इथे पेटारे येतात. सभासद पेटाऱ्यांची हकीकत देतो, मग तो भाग इथे थांबवा. दोन अभ्यासक समोरासमोर बसवा, सभासद काय म्हणतो आणि बाकीची साधनं काय म्हणतात ते वाचून दाखवू दे. प्रेक्षक कंटाळत नाही, खुर्चीच्या टोकाला येतो.

रानजाई

बारनिशी, दंडवत. हे असं कुणी दाखवलं तर मी नाटक-बिटक विसरून बघेन. एक शंका: महाराज राजगडाला पोचले कधी? भावाकडच्या दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत.

बारनिशी

१२ सप्टेंबर आणि २० नोव्हेंबर, ना? त्यावर अभ्यासकांत खरंच मतभेद आहेत. आणि हा वाद नुसत्या तारखेचा नाही. १२ सप्टेंबर धरली तर २६ दिवसांत आग्र्याहून राजगड. मग मथुरा, प्रयाग, काशी असा लांबचा वळसा त्यात बसत नाही. नोव्हेंबर धरला तर बसू शकतो, पण मग तीन महिने महाराज कुठे कुठे होते, राज्य कसं चाललं, हे सगळे प्रश्न उभे राहतात. नकाशा घ्या, रोजची मजल किती पडते ते मोजा, आणि प्रेक्षकालाच ठरवू द्या.

पाटीपेन्सिल

हे मी वर्गात करणार. नकाशा, दोरा आणि दोन तारखा. मुलांचे दोन गट.

कळफलक

बारनिशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. यात एकही लढाई नाही. म्हणजे घोडे नाहीत, ज्युनिअर आर्टिस्टची बस नाही, रात्रीचं शूटिंग फार नाही. एक दरबार, रामसिंगाच्या तळावरचे तंबू, एक दफ्तरखाना आणि नकाशाचं टेबल. रोजच्या मालिकेच्या एका महिन्यात जेवढं शूट होतं त्यापेक्षा कमी कामात चार भाग होतात. फक्त लेखकाला आधी सहा महिने द्यायला हवेत, आणि परकालदासची पत्रं मूळ बोलीत वाचणारा आवाज शोधायला हवा. खाली मराठी ओळी. मोडी लिहिणाऱ्यांना मात्र या वेळी पहिल्या दिवसापासून बोलवायचं.

मांडवीपार

चारच भाग? पाचवा रामसिंगाला द्या. महाराज निसटले आणि याची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, गेली, दरबारात यायला बंदी झाली. बाप दख्खनेत, तोही पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, बुऱ्हाणपूरला वारला. पाहुण्यासाठी शब्द दिलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, हे आपल्या एकाही घरात माहीत नसतं.